राहण्याचा इरादा

बुधवारी नेब्रास्काच्या घड्याळात संध्याकाळचे पाच वाजले तेव्हा डार्ला हावलिक एका झटक्यात चाळीसहून जास्त राज्यांत नर्स राहिली नाही. एवढ्या मोठ्या मुलुखात एवढ्या कमी आवाजात कोणाचं काही संपल्याचं ऐकिवात नाही. कुठे दार आपटलं नाही, कोणी टोपी काढली नाही. तर हे झालं. आता ते झालंच नाही असं धरून चालू, कारण डार्ला स्वतःही तसंच धरून चालली होती, आणि तिच्याइतकं आपल्याला त्यातलं काय कळतं. तेव्हा सोमवार आहे, सकाळचे साडेसात. अल्बुकर्कीतलं एक इस्पितळ, चौथा मजला, हाडांचा वॉर्ड, खोली चारशे सतरा. खाटेवर एलॉय आर्चुलेटा, वय एक्याऐंशी, खुबा बदलून चौथा दिवस. भूल उतरताना म्हातारी माणसं कधीकधी भलत्याच गावी जाऊन उतरतात, म्हणून प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला त्यांना चार प्रश्न विचारायचे असतात: नाव काय, आपण कुठे आहोत, आज काय तारीख, इथे कशासाठी आलात. चारही उत्तरं बरोबर आली की संगणकावर चार चौकोनांत खुणा करायच्या आणि माणूस जागेवर आहे असं समजायचं. डार्लाने हे प्रश्न अकरा वर्षांत इतक्या वेळा विचारले होते की विचारता विचारता ती मनात दुपारच्या जेवणाचं ठरवत असे.

"पूर्ण नाव सांगता?"

"एलॉय सेलेस्तिनो आर्चुलेटा. काल होतं तेच."

"आणि आत्ता आपण कुठे आहोत?"

"तू सांग की, पोरी. रोज मीच काय म्हणून सांगायचं?"

डार्ला हसली आणि म्हणाली, "मेडफर्डला."

म्हातारा उशीवरून मान उचलून तिच्याकडे वळला. त्याने सदतीस वर्षं खेड्यापाड्यांतून टपाल वाटलं होतं, गावांच्या बाबतीत त्याची गंमत कोणी केलेली त्याला खपत नसे. "मेडफर्ड कुठे आलं?" त्याने विचारलं. "ओरेगॉनमध्ये," डार्ला म्हणाली, आणि तेही बरोबरच होतं, मेडफर्ड ओरेगॉनमध्येच आहे. मग आर्चुलेटाने उशाशी लोंबणारं बटण अंगठ्याने दाबलं. या इस्पितळात बटण दाबलं की त्या खोलीच्या नर्सच्या खिशातला फोन वाजतो. चारशे सतराची नर्स डार्ला असल्यामुळे तिचाच वाजला. तिने सवयीने उचलला आणि "चौथा मजला, डार्ला बोलतेय, काय हवंय?" असं विचारलं.

"माझ्या खोलीतली नर्स जागेवर नाही," म्हातारा तिच्या तोंडाकडे बघत म्हणाला. तिला ते दोन्ही कानांनी ऐकू आलं, फोनमध्ये अर्ध्या क्षणाने उशिरा.

"मी लगेच बघते," डार्ला म्हणाली, आणि फोन खिशात टाकला.

"बघ. लवकर बघ," म्हातारा म्हणाला.

तिने संगणकावर त्याच्या चारही चौकोनांत खुणा केल्या, कारण तो तर जागेवरच होता. पण स्वतःला किती द्यायच्या हा हिशोब तिच्या डोक्यातून पुढे दिवसभर गेला नाही. नाव माहीत होतं. तारीख माहीत होती. इथे कशासाठी आलो तेही बऱ्यापैकी माहीत होतं. चारापैकी तीन. तीन आले तर डॉक्टरांना कळवायचं असतं आणि रोग्याला खाटेवरून एकट्याने उतरू द्यायचं नसतं. ती चारशे एकोणिसात गेली, चारशे एकविसात गेली, एकट्यानेच चालत गेली. औषधांच्या खोलीत सलाईनच्या नळ्यांसाठी तिचा हात डावीकडच्या वरून तिसऱ्या खणाकडे गेला आणि खणात मोजे निघाले. डावीकडचा वरून तिसरा हा खण बॉयझीचा. बॉयझीत ती तीन वर्षांपूर्वी होती. हाताला कोणी सांगितलं नव्हतं. ती फिरती नर्स होती, दर तेरा आठवड्यांनी नवं इस्पितळ, नवं गाव, आणि तेरा आठवडे हा मोठा चमत्कारिक काळ असतो. तेरा आठवड्यांत कोणत्या लिफ्टचं दार अडकतं ते कळतं, कोणता सर्जन सकाळी बोललेलं चालवून घेत नाही ते कळतं, भाड्याच्या खोलीत अंधारात न्हाणीघरापर्यंत हात न लावता जाता येतं, आणि ज्या दिवशी असं जाता येतं त्याच्या दुसऱ्या दिवशी सामान गाडीत भरायचं असतं. नव्या खोलीत पहिले पंधरा दिवस ती जुन्या न्हाणीघराकडे जाते आणि भिंतीला कपाळ टेकून उभी राहते. सहा वर्षांत तिने सतरा भिंतींना असं कपाळ टेकलं होतं. आणि तिला कधी त्यात वावगं वाटलं नव्हतं, कारण भिंत लागली की ती जागी व्हायची आणि गाव आठवायचं. आज भिंत लागली नव्हती. आज तिने मेडफर्ड म्हटलं आणि समोर डोंगर दिसत असूनही, खिडकीत तो आख्खा कोरडा डोंगर असूनही, तिच्या आत काहीही खटकलं नव्हतं. म्हाताऱ्याने बटण दाबलं नसतं तर ती मेडफर्डमध्येच पाळी संपवून घरी गेली असती. कुठल्या घरी, हा पुढचा प्रश्न तिने दुपारपर्यंत ढकलला.

दुपारी कँटीनमध्ये वाढणाऱ्या बाईने विचारलं, "लाल की हिरवी?" या राज्यात मिरचीचा रस्सा कोणता हवा हे माणसाला दिवसातून एकदा तरी ठरवावं लागतं, आणि ठरवता आलं नाही तर 'ख्रिसमस' म्हणायची सोय आहे, मग दोन्ही वाढतात. डार्लाला हे पाच आठवडे माहीत होतं. "कोणतीही," ती म्हणाली. मागच्या रांगेतली दोन माणसं तिच्याकडे वळून बघू लागली. वाढणाऱ्या बाईने पळी खाली ठेवली. "बाई, तुम्ही कुठल्या?" तिने विचारलं, आणि डार्लाच्या हातातलं ताट एकदम जड झालं, कारण नेमका हाच प्रश्न विचारणारं एक पत्र नऊ दिवस तिच्या फोनमध्ये पडून होतं. त्या बाईने मात्र शेवटी दोन्ही वाढून प्रश्न मिटवला.

पत्र नेब्रास्काच्या परवाना मंडळाचं होतं. परवान्यांची भानगड अशी की डार्लाकडे एक मोठा परवाना होता आणि तीन छोटे. मोठा नेब्रास्काचा. चाळीसहून जास्त राज्यांनी आपसांत करार केलेला आहे, अल्बुकर्कीच्या राज्यानेही, त्यातल्या एकाचा मोठा परवाना असला की उरलेल्या सगळ्यांत काम करता येतं. अट एकच, ज्या राज्याचा परवाना त्या राज्यात तुम्ही राहत असलं पाहिजे. म्हणजे कुठेही जाता यावं म्हणून आधी एके ठिकाणी राहायचं. डार्लाने ही अट सहा वर्षांपूर्वी वाचली तेव्हा ती तिला इतकी सोपी वाटली की तिने तिच्याकडे पुन्हा पाहिलं नाही. जी राज्यं करारात नाहीत त्यांचे छोटे परवाने वेगळे काढावे लागतात, ओरेगॉनचा, कॅलिफोर्नियाचा, नेवाडाचा, आणि प्रत्येकाचं नूतनीकरण आपापल्या लहरीने येतं. एकाला तिच्या वाढदिवसाशी कर्तव्य, दुसऱ्याला ऑक्टोबरशी. एका राज्याला रोगजंतूंच्या हल्ल्यावरचा चार तासांचा वर्ग लागतो, दुसऱ्याला वेदनांवरचा. बोटांचे ठसे प्रत्येकाला नव्याने लागतात, जसं काही सीमा ओलांडली की माणसाला नवी बोटं फुटतात. आणि हात धुऊन धुऊन डार्लाच्या बोटांवरच्या रेषा जवळजवळ गेल्या होत्या. कॅलिफोर्नियाच्या वेळी यंत्राने तीनदा सांगितलं की काचेवर बोट ठेवलेलं नाही. बोट होतं. "जोरात दाबा, बाई," ठसे घेणारा माणूस पडद्याकडे बघत म्हणाला होता, "तुम्ही येतच नाही आहात." हे सगळं डार्ला एका निळ्या फाइलीत नीट सांभाळत असे. वह्या, तारखा, चिठ्ठ्या. सहा वर्षांत तिचा एकही परवाना एक दिवस उशिरा झाला नव्हता. तिला त्याचा अभिमान होता, आणि खरं म्हणजे अभिमान वाटावा असं तिच्याकडे दुसरं फारसं काही एका जागी नव्हतंही.

चूक मेडफर्डला झाली. मेडफर्डचं काम दोनदा वाढलं, नऊ महिने झाले. कुत्र्यांचे केस कापणाऱ्या एका बाईच्या दुकानावर तिची खोली होती, खालून दिवसभर गरम वाऱ्याचं यंत्र आणि ओल्या कुत्र्यांचा वास. एका शनिवारी तिचं पाकीट नदीत पडलं. पाकिटात गाडीचं लायसन्स होतं, नेब्रास्काचं. नेब्रास्का अडीच दिवसांच्या रस्त्यावर आणि लायसन्सचं कार्यालय चार चौक सोडून, म्हणून सोमवारी ती गेली, रांगेत उभी राहिली, फोटोत हसली आणि ओरेगॉनचं लायसन्स काढून आणलं. बस, एवढंच. दुसऱ्या कोणी हेच केलं असतं तर त्याला शहाणा म्हटलं असतं. पण गाडीचं लायसन्स ज्या राज्याचं, माणूस त्या राज्यात राहतो असं मंडळं धरतात, आणि ओरेगॉन करारात नाही. म्हणजे ज्या सकाळी डार्ला फोटोत हसली त्या सकाळी तिचा मोठा परवाना आतून छोटा झाला होता, फक्त कोणाला कळलं नव्हतं. चार महिन्यांनी मंडळाला कळलं. आपण नेब्रास्कात राहता याचा पुरावा बुधवारी पाचपर्यंत सादर करावा, अन्यथा आपला परवाना फक्त नेब्रास्कापुरता राहील. नेब्रास्कापुरता, म्हणजे ज्या एका राज्यात ती नव्हती तेवढ्यापुरता.

ज्या संस्थेतर्फे तिला कामं मिळत तिथला टॅनर नावाचा मुलगा तिचं सगळं बघायचा. त्यांची कधी भेट झाली नव्हती. टॅनर ओमाहात बसायचा, डार्लाच्या गावापासून दीड तासावर, आणि तो कुठेच जात नसल्यामुळे त्याला कोणत्याही परवान्याची गरज नव्हती.

"काय म्हणतेय आमची वाघीण?" सोमवारी दुपारी तिने फोन लावल्यावर तो म्हणाला.

"मंडळाचं पत्र आलंय."

"अरे वा, अभिनंदन."

"तसलं नाही." तिने वाचून दाखवलं.

टॅनरने शीळ घातली. "यात काय मोठंसं आहे? आईकडून दोन ओळी लिहून घे, मुलगी इथे राहते म्हणून. सगळ्याजणी घेतात. आया देतात. आयांचं कामच ते."

"माझी आई चर्चमधल्या बायकांच्या मंडळाची चिटणीस आहे. अठरा वर्षं दर बैठकीचं इतिवृत्त लिहितेय. कोण आलं नाही ते सगळ्यात आधी लिहिते."

"मग?" टॅनर म्हणाला. त्याच्या आईने त्याला शाळेत असताना आजारपणाच्या तेवीस चिठ्ठ्या लिहून दिल्या होत्या, आणि त्यातली एक कांजिण्यांची त्याला अजून आठवत होती, असं त्याने सांगितलं.

मग डार्लाने मंडळात फोन लावला. तिथे मिसेस पोलमन नावाच्या बाई होत्या, आवाज शांत, इस्त्री केल्यासारखा. गाडीचं लायसन्स ओरेगॉनचं आणि आयकराचा कागद नेब्रास्काचा, त्या म्हणाल्या, दोन कागद दोन दिशांना तोंड करून उभे आहेत, तेव्हा तिसरा लागेल. ज्या घरात राहता म्हणता तिथल्या घरमालकाने लिहून द्यायचं की ही इथे राहते. आणि खाली तुम्ही सही करायची की इथे कायम राहण्याचा माझा इरादा आहे.

"इरादा म्हणजे किती?" डार्लाने विचारलं.

"किती म्हणजे?"

"म्हणजे, किती असला म्हणजे पुरतो."

मिसेस पोलमन म्हणाल्या, "असतो किंवा नसतो, बाळ."

"तुमचा आहे?"

"माझा? मी लिंकनमध्ये जन्मले, लिंकनमध्येच नोकरी केली, परवा कबरीची जागाही बघून आले, झाडाखालची मिळाली. मला कोणी कधी विचारलंच नाही." आणि मग, "बुधवारी पाच वाजेपर्यंत हं. आमच्याकडचे पाच."

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत डार्ला इस्पितळाच्या गच्चीवरच्या वाहनतळात आपल्या गाडीत बसली आणि डोळे मिटून इरादा शोधू लागली. शीर शोधतात तसा. पट्टा आवळायचा, बोटाच्या टोकाने दाबत दाबत जायचं, दिसते तिथे नसते, लागते तिथे असते, घाई केली तर लपते. ब्रोडेक. तिने गावाचं नाव मनात ठेवून दाबून पाहिलं. धान्याचं उंच कोठार, त्यावर पुसट झालेली बियाण्यांची जाहिरात. आईच्या हातचे खसखशीचे कोलाचे, म्हणजे गोल गोड पाव, मध्ये बोटाने केलेला खळगा. वडील गेले तेव्हा दिवाणखान्यात इतके कोलाचे जमले होते की शेवटी भजनी मंडळातल्या पोक्त बायकाही ते पाहून खिन्न झाल्या. वरच्या मजल्यावरची तिची खोली, छत उतरतं, पलंगावर बसताना डोकं वाकवायला लागायचं. ती वयाने वाढली तशी त्या खोलीत जास्त जास्त वाकायला लागली, आणि एक दिवस तिच्या लक्षात आलं की आपण बाहेरही जरा वाकूनच चालतो. तिथे जायचा इरादा होता का? जायचा होता. नाताळला जायचा असतोच. राहायचा? तिथे तिचं बोट काही लागत नव्हतं. मग तिने अल्बुकर्की दाबून पाहिलं, तिथेही नाही. मेडफर्डला किंचित काहीतरी उडत होतं, पण ती बहुतेक खालची कुत्री असावीत. तिला नर्सिंगच्या शाळेत शिकवलं होतं की दोन वेळा टोचून मिळालं नाही तर दुसऱ्या नर्सला बोलवावं. तिने आईला फोन लावला.

मागे शिवणयंत्राची घरघर चालू होती. मग थांबली.

"आई, मी बोलतेय."

"बोल. मागचे कोलाचे मिळाले?"

"ते मेडफर्डला गेले. कुत्रेवाल्या बाईंनी खाल्ले. चांगले होते म्हणाल्या."

"तू पत्ता कळवत नाहीस. मी आपली नेहमी एक गाव मागे असते." अर्लीन हावलिक तक्रार करत नव्हती, नोंद करत होती. डार्लाने तिला सगळं सांगितलं, लायसन्सचं, पत्राचं, तिसऱ्या कागदाचं. आईने मध्ये एकदाही हूं म्हटलं नाही. ती पूर्ण ऐकून घेणारी बाई होती.

"म्हणजे मी काय लिहायचं?"

"की मी तिथे राहते."

"अगं, पण तू इथे राहत नाहीस."

"आई, फक्त कागदावर."

"कागदावरच तर सही करायचीय."

डार्लाने गाडीची काच खाली केली आणि पुन्हा वर केली. "माझी खोली आहे ना तिथे?"

"खोलीत यंत्र ठेवलंय. गोधड्यांचं. बारा फुटांचं आहे, दुसरीकडे कुठे मावेना. तुझा पलंग लुमीरकाकांकडे दिला, त्यांची पाठ दुखते."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं. पत्रात लिहिलं होतं. ते बॉयझीला गेलं असेल." मग तिने आवाज न बदलता सांगितलं, "हे बघ, तू इथे राहतेस असं म्हणायला मला आवडत नाही असं नाही. मी म्हणते. रविवारी चर्चमधून आले की जिन्याखाली उभी राहून म्हणते, डार्ला वर झोपलीय, भांड्यांचा आवाज करायला नको. आणि खरंच हळू वावरते. पण तिथे कोणी सही मागत नाही."

वाहनतळात कोणाच्या तरी गाडीचा भोंगा उगाच वाजून बंद झाला.

"उद्या आलीस तर उद्या सही करते," आई म्हणाली. "परवा आलीस तर परवा. यंत्र हलवते, पलंग परत मागते. लुमीरकाका काय, जमिनीवरही झोपतील. तू ये तर खरी."

"माझ्या परवान्याचं उद्याच पाचपर्यंत आहे आई. बारा तासांचा रस्ता आहे, आणि उद्या पाळी आहे."

"मग पाळी आहे म्हण. मी काय म्हणतेय का काही."

उरलेली पाळी डार्लाने आईशी मनात भांडण्यात घालवली आणि प्रत्येक भांडणात आईच बरोबर निघाली. चारशे सतरात आर्चुलेटाला चालवताना तिने त्यालाच विचारलं, टपालवाल्याच्या लेखी माणूस कुठे राहतो म्हणून. म्हातारा वॉकरला धरून पावलं मोजत होता. "माझ्या रस्त्यावर एक म्हातारी होती," तो धापा टाकत म्हणाला, "ती मेली. तिचं टपाल सात वर्षं येत होतं. मी टाकत होतो. पत्ता होता ना, त्यामुळे टाकायलाच लागायचं. तुझं उलटं आहे, पोरी."

"म्हणजे?"

"म्हणजे तू मेलेली नाहीस," म्हातारा म्हणाला आणि अकराव्या पावलाला बसायला खुर्ची मागितली.

बुधवार. हा दिवस आपण झालाच नाही असं धरलं होतं, पण त्याने आपलं काही ऐकलं नाही, तो आला. सकाळी आर्चुलेटाने चारही उत्तरं दिली आणि तिला, शहाण्या माणसासारखं, काही विचारलं नाही. दुपारी दीडला डार्लाच्या फोनवर आईकडून एक फोटो आला. आई फोटो पाठवत नसे, ग्रंथालयातल्या बाईकडून तिने तो काढून घेतला असावा, कारण कोपऱ्यात कोणाचा तरी अंगठा होता. रेघांच्या कागदावर, चर्चच्या वहीतल्याच गोल अक्षरात, आईने लिहिलं होतं: घर, ब्रोडेक, तारीख अमुक. गैरहजर: डार्ला हावलिक. हजर: अर्लीन हावलिक. गैरहजर सदस्याने कारण कळवले आहे. कामकाज त्यांच्यावाचून चालू ठेवण्यात आले. खाली सही, अठरा वर्षं तशीच असलेली, ह च्या शेपटाला गाठ मारलेली.

डार्लाने ते औषधांच्या खोलीत उभ्याने पाच वेळा वाचलं. तिला वाटलं, आता इरादा लागेल, इथे कुठेतरी बोटाखाली टप्प असं लागेल. काहीतरी लागलंही, पण ती शीर होती की तिचीच नाडी हे तिला सांगता येईना. तिने तो कागद मंडळाला पाठवला. स्वतःचा अर्ज उघडला. कायम राहण्याचा इरादा आहे: हो, नाही. ख्रिसमसची सोय नव्हती. तिचं बोट हो वर गेलं, थांबलं, आणि तिने ते न टेकवता फोन खिशात ठेवला, कारण तिच्या आईने खोटं लिहायला नकार दिल्यावर चोवीस तासांत आपणच लिहिणं हे तिला, कसं सांगावं, वाकल्यासारखं वाटलं. तीन वाजून पन्नास मिनिटांनी मिसेस पोलमन यांचं उत्तर आलं. गैरहजेरी हा राहण्याचा पुरावा म्हणून धरता येत नाही, याबद्दल दिलगीर आहोत. पत्र मात्र फार नीट लिहिलेलं आहे.

लिंकनला पाच वाजले, अल्बुकर्कीत चार. पहिल्या वाक्यात सांगितलं ते झालं. चार वाजून नऊ मिनिटांनी टॅनरचा फोन आला, या खेपेला वाघीण न म्हणता. चार वाजून वीस मिनिटांनी वॉर्डच्या मुख्य नर्सने तिच्याकडून चार रोगी, किल्ल्या आणि इस्पितळाचा फोन काढून घेतले आणि तिच्या दंडाला हात लावून म्हणाली की पुन्हा कधीही, कागद झाले की. खाली दारातल्या पेटीत ओळखपत्र टाकल्यावर डार्लाच्या लक्षात आलं की आपला डबा आणि स्वेटर वर राहिले. ती स्वागतकक्षात गेली.

"कोणाला भेटायचंय?" तिथल्या बाईने विचारलं.

"डबा राहिलाय वर."

"डब्याला भेटायला पास देता येत नाही. माणसाचं नाव सांगा."

"एलॉय आर्चुलेटा."

"नातं? नातेवाईक, मित्र, इतर?"

"इतर," डार्ला म्हणाली. बाईने तिचं लायसन्स मागून घेतलं, बघितलं, आणि तिचा चेहरा एकदम मऊ झाला. "ओरेगॉनहून आलात होय. केवढ्या लांबून." तिने डार्लाच्या छातीवर चिकटवायला एक कागद दिला. त्यावर दोन ओळी होत्या, वर डार्ला एच., खाली इतर.

आर्चुलेटा खुर्चीत बसून खिडकीतला डोंगर गुलाबी व्हायची वाट बघत होता. त्याने तिच्या छातीवरचा कागद वाचला, पत्ता वाचतात तसा, आधी खालची ओळ मग वरची, आणि बाजूच्या खुर्चीवरची घडी केलेली चादर उचलून तिला जागा करून दिली. ती बसली. बसल्यावर तिला कळेना की हात कुठे ठेवायचे. रोग्याच्या खोलीत ती अकरा वर्षांत बसलेली नव्हती. तेवढ्यात नवी नर्स आली, इथलीच, कायमची, कंबरेला किल्ल्यांचा जुडगा. तिने आर्चुलेटाला नाव विचारलं, तारीख विचारली, इथे कशासाठी आलात विचारलं, आणि तो प्रत्येक उत्तर जरा मोठ्याने, खुर्चीकडे ऐकू जाईल असं देत होता. आपण कुठे आहोत याचंही त्याने दिलं, रस्त्याच्या नावासकट, पिनकोडासकट. नर्सने खुणा केल्या. मग ती पाहुणीकडे वळून हसली. "आणि तुम्ही कुठून आलात?" तिने विचारलं, नुसतं बोलायचं म्हणून.

डार्लाने तिच्याकडे पेन मागितलं. उद्याच्या न्याहारीत काय हवं ते भरून द्यायचा एक कागद टेबलावर पडला होता. तिने तो पालथा केला, मांडीवर घेतला, आणि बाहेर डोंगराचा रंग बदलत असताना, न थांबता, शीर एका फटक्यात सापडावी तसं, लिहून काढलं:

प्रति, मा. सचिव, परिचारिका परवाना मंडळ, लिंकन, नेब्रास्का. विषय: स्वतंत्र राज्य म्हणून मान्यता मिळणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार सविनय सादर करते की, अर्जदार गेली चौतीस वर्षे अखंडपणे स्वतःच्याच हद्दीत वास्तव्यास असून सदर हद्दीबाहेर एकही दिवस राहिल्याची नोंद नाही. सदर हद्दीची उंची पाच फूट पाच इंच असून शेजारी राज्यांशी कोणताही सीमावाद नाही. अर्जदाराचा सदर ठिकाणी कायम राहण्याचा इरादा आहे. अन्य पर्याय तपासून पाहिले आहेत. तरी अर्जदारास राज्याचा दर्जा देऊन आपसांतील करारात सामील करून घ्यावे व सदर राज्याचा मोठा परवाना अर्जदारास विनाविलंब मिळावा. तसेच श्रीमती अर्लीन हावलिक यांची सदर राज्याच्या कायम रहिवासी म्हणून, त्यांची सही न घेता, नोंद व्हावी, ही नम्र विनंती.